नदीतून आत्ताच काढलेला ट्राउट घरी कसा करावा



मागच्या भागात आपण मोहरीच्या तेलाबद्दल बोललो होतो. आज त्याच तेलात पडणाऱ्या एका माशाबद्दल बोलू या. मी मूळची देवगडची आणि गेली सतरा वर्षं कुल्लू खोऱ्यात राहते. चंदीगड, दिल्ली, डेहराडून, जम्मू अशा ठिकाणी नोकरीनिमित्त स्थिरावलेली मराठी घरं सुट्टीत इकडे येतात, परतताना थर्मोकोलच्या डब्यात दोन-चार ट्राउट घेतात आणि मग फोन करतात: "ताई, मासा तर घेतला, आता याचं करायचं काय?" त्या प्रश्नाचं हे जरा लांबलेलं उत्तर आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. समुद्रापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर राहून आपण सुरमई आणि पापलेट शोधत बसतो. मिळतो तो मासा गोठवलेला, वाटेत कधीतरी वितळलेला आणि पुन्हा गोठवलेला. तो तव्यावर टाकला की पाणी सोडतो, खाताना कापसासारखा लागतो. मग "इकडे मासे काही खरे नाहीत" म्हणत आपण खाणंच सोडतो. मुलं तर मासे खायला शिकतच नाहीत. माझ्या ओळखीच्या किती घरांत हे झालंय! खरं तर याच डोंगरांत थंड, वाहत्या पाण्यातला एक उत्तम मासा मिळतो. फक्त त्याला सुरमईचे नियम लावून चालत नाही.

ट्राउट इथला मूळचा नव्हे. तपकिरी अंगावर लाल-काळे ठिपके असलेला ब्राउन ट्राउट युरोपातला. इंग्रजांना गळ टाकून मासे पकडण्याची भारी हौस. त्या हौसेपायी १९०० साली त्याची अंडी काश्मीरला आणली गेली आणि तिथून १९०९ च्या सुमारास तो कुल्लूत आला. दुसरा इंद्रधनुषी ट्राउट, म्हणजे रेनबो, अंगावर गुलाबी पट्टा असलेला. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. पतलीकुहल, बरोट, काश्मीरमधलं कोकरनाग इथल्या केंद्रांमधून आणि गावोगावच्या खासगी तलावांतून आज जो मिळतो तो बहुतेक हाच. तो हौदात वाढतो, पेंड खातो, चटकन वाढतो. दक्षिणेतही निलगिरीच्या आणि मुन्नारच्या थंड ओढ्यांत ट्राउट सोडला गेला, म्हणजे कोइमतूर-कोचीच्या मराठी मंडळींनीही पुढचं ऐकायला हरकत नाही.

नदीतला मासा पकडायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासा अंडी घालतो म्हणून नदीतल्या ट्राउटवर बंदी असते. तेव्हा या दिवसांत कुणी रस्त्याच्या कडेला "नदीचा ताजा" म्हणून देऊ लागला तर घेऊ नका. पाण्यात करंट सोडून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारण्याचे प्रकार घडतात, आणि असा मासा आपल्या ताटात नकोच. तलावातला मात्र वर्षभर मिळतो आणि तुमच्यासमोर जाळीने काढून देतात. त्याहून ताजा मासा तुम्हाला मालवणच्या बंदरावरही मिळायचा नाही.

नावांचा एक गोंधळ आहे तो इथेच सोडवू. इंटरनेटवर ट्राउटच्या पाककृती शोधल्या की 'सी ट्राउट' हे नाव पुन्हा पुन्हा येतं आणि लोक विचारतात, हा कोणता समुद्रातला मासा? सी ट्राउट म्हणजे आपला ब्राउन ट्राउटच! जात एकच. ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे, स्वीडन, पोलंड इकडच्या नद्यांत जन्मलेले काही ब्राउन ट्राउट आयुष्यभर नदीतच राहतात, तर काही लहानपणीच चंदेरी होऊन समुद्रात उतरतात, तिथे कोळंबीसारखे जीव आणि छोटे मासे खाऊन लठ्ठ होतात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतात. त्या कोळंबीवर्गीय खाण्यामुळेच त्यांचं मांस गुलाबी होतं. वेल्समध्ये त्याला 'स्यूइन' म्हणतात आणि त्याचं मोठं कौतुक असतं. नदीच्या मुखाशी नुकताच आलेला चंदेरी मासा सर्वांत चविष्ट. नदीत बरेच दिवस काढलेला काळपटतो, त्याची चरबी उतरते. अंडी घालून परतणारा तर नुसता सांगाडा असतो, तो तिकडचे जाणकार पाण्यात सोडून देतात.

आपल्या हिमालयातला ब्राउन ट्राउट समुद्रात जात नाही. जाणार कसा, खाली मैदानात उतरलं की पाणी त्याला सोसत नाही. त्यामुळे तो लहान राहतो. तुमच्या हातात येतो तो साधारण पाव किलो ते चारशे ग्रॅमचा, तर सी ट्राउट सहज दीड-दोन किलोचा. परदेशी पाककृती वापरायला हरकत नाही, पण तिच्यातला वेळ तसाच घेतला तर आपल्या माशाचा भुगा होईल. दिल्लीच्या मोठ्या दुकानांत गुलाबी-केशरी तुकड्या 'नॉर्वेजियन ट्राउट' म्हणून मिळतात तो समुद्रातल्या जाळ्यांत वाढवलेला रेनबो. 'स्नो ट्राउट' नावाचा जो स्थानिक मासा, त्याला कुमाऊँ-गढवालात असला म्हणतात, तो मुळात ट्राउटच नाही, रोहूच्या कुळातला आहे. चवीला चांगला असतो, पण त्या गटातल्या काही माशांची गाभोळी विषारी असते, तेव्हा असल्याची गाभोळी निमूटपणे टाकून द्या. ट्राउटची गाभोळी मात्र खुशाल तळून खा. अशी उसनी नावं आपल्याकडेही आहेतच. आपल्या रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण रावस आणि सॅल्मन यांचं काडीचंही नातं नाही.

आता ताजेपणाबद्दल. आपल्याला वाटतं, मासा जितका ताजा तितका लगेच तव्यावर टाकावा. ट्राउटच्या बाबतीत हे पूर्ण खरं नाही. मासा मेल्यावर थोड्या वेळाने त्याचं अंग ताठ होतं, लाकडासारखं. काही तासांनी, बर्फात असेल तर दिवसभराने, ते पुन्हा सैल होतं. ताठरलेला मासा तव्यावर टाकलात तर तो कमानीसारखा वाकतो, कातडी फाटते आणि मांस रबरासारखं लागतं. मधला भाग तव्याला टेकतच नाही, म्हणून तो कच्चा राहतो आणि डोकं-शेपटी करपते. "इथला मासा चिवट असतो" ही तक्रार मी ऐकते तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असतं. सकाळी काढलेला मासा साफ करून बर्फावर ठेवा आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी करा. अगदीच धीर नसेल तर तळू नका, वाफवा किंवा उकडा, त्यात वाकला तरी बिघडत नाही.

पण थांबायचं म्हणजे बर्फावर, आणि पोट साफ करून. हे दोन्ही महत्त्वाचं आहे. मासा काढल्याबरोबर डोक्यावर एक घाव घालून लगेच मारावा. पिशवीत तडफडत मेलेल्या माशाचं मांस लवकर मऊ पडतं. तलाववाले सहसा हे करून देतात, तुम्ही फक्त सांगा. मग कल्ले काढून, शेपटीकडच्या छिद्रापासून गळ्यापर्यंत पोट चिरून आतडी काढायची. चाकूचं टोक वरवर चालवा, पित्ताची पिशवी फुटली तर आतलं मांस कडू होतं. पोट रिकामं झालं की आत कण्याला चिकटून काळपट लाल रक्ताची एक लांब रेघ दिसते. तीच लोक विसरतात. वरचा पापुद्रा नखाने फाडून चमच्याने ती खरवडून काढा आणि थंड पाण्याने धुवा. कडवटपणा आणि वास बहुतांश तिथूनच येतो.

खवल्यांची चिंता नको. ट्राउटचे खवले इतके बारीक असतात की लहान मासा खवलायची गरज नाही. मोठा सी ट्राउट किंवा नॉर्वेची तुकडी असेल तर सुरीच्या पाठीने एकदा खरवडावं. अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो घाण नव्हे, ताजेपणाची खूण आहे. स्वच्छ, पारदर्शक बुळबुळ असेल तर मासा चांगला, पांढरट आणि चिकट झाली असेल तर शिळा. डोळे फुगीर आणि काळे, कल्ले लाल, बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून येणारा, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

आपल्याकडे मासे चार-चार पाण्यांनी धुवायची सवय असते, मग वर हळद-मीठ-लिंबू चोळून पुन्हा धुणं. ट्राउटला एक पाणी पुरे. त्यानंतर स्वच्छ फडक्याने आतून-बाहेरून अगदी कोरडा पुसायचा. ओला मासा तव्याला चिकटणार आणि कातडी निघणार, याला पर्याय नाही.

प्रवासात न्यायचा असेल तर पोट साफ केलेला मासा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, खाली बर्फ, वर बर्फ, आणि बर्फ माशाच्या वजनाइतका तरी हवा. वितळलेल्या पाण्यात मासा पोहत राहू देऊ नका. मनाली ते चंदीगड एवढा प्रवास अशा डब्यात तो आरामात करतो. घरी आल्यावर फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात, आणि दोन दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये महिनोन्महिने साठवून ठेवण्यासारखा हा मासा नाही. त्याच्या अंगात चरबी भरपूर, आणि ती गोठूनही खवट होत राहते. दोन महिने खूप झाले.

समुद्रकाठच्या माणसाला नदीच्या माशाची भीती वाटते ती काट्यांमुळे. रोहू, कटला खाताना ते दुहेरी, वाय आकाराचे काटे घशात गेलेले विसरता येत नाहीत. ट्राउट तसा नाही. त्याचा सांगाडा जवळजवळ एकसंध निघतो. अख्खा शिजवलेला मासा ताटात घ्या, पाठीवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत सुरीने रेघ मारा, वरची बाजू हलकेच सरकवून बाजूला घ्या. आता शेपूट धरून वर उचला, कणा डोक्यासकट वर येतो आणि खालची बाजू साफ राहते. पुढच्या भागात थोडे बारीक काटे राहतात, ते बोटांनी चाचपून काढा. माझ्या लेकीने सहाव्या वर्षी हे शिकून घेतलं, आणि आता पाहुण्यांसमोर ती स्वतःच करून दाखवते. मासा अख्खा शिजवा म्हणते ते याचसाठी. तुकडे केले की कण्याचेही तुकडे होतात आणि मग प्रत्येक घासात काटा शोधत बसावं लागतं.

आता चुलीकडे वळू. सगळ्यात आधी तवा.

माशाला मीठ आत-बाहेर चोळून पंधरा मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी पुसून टाका. वरून तांदळाच्या पिठाचा अगदी पातळ हात फिरवा, जादा पीठ झटका. रवा? माझं मत विचाराल तर नको. सुरमईच्या जाड तुकडीला रव्याचं कवच शोभतं. ट्राउटची कातडी पातळ आणि चरबीदार असते, ती स्वतःच कुरकुरीत होते, तिच्यावर रवा म्हणजे रेशमी साडीवर स्वेटर. स्कॉटलंडमध्ये लोक ओटच्या जाड्याभरड्या पिठात घोळवून ट्राउट तळतात, आपल्या रव्याचाच प्रकार तो, आणि चांगला लागतो असं म्हणतात. ज्यांना हवा त्यांनी बारीक रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं-निम्मं घ्यावं.

तवा लोखंडाचा हवा आणि चांगला तापलेला. मोहरीचं तेल घ्याल तर आधी धूर येईपर्यंत तापवून मग आच मध्यम करा. मासा ठेवल्यावर पहिली तीन-चार मिनिटं त्याला हात लावू नका. कडा सोनेरी झाल्या आणि मासा आपणहून सुटला की उलटा. तीनशे ग्रॅमच्या माशाला एकेका बाजूने चार ते पाच मिनिटं पुरतात. मोजायचंच असेल तर सर्वांत जाड जागी अडीच सेंटिमीटरला एकूण दहा मिनिटं, हा अंदाज तवा, वाफ, ओव्हन सगळीकडे चालतो. झाला की नाही हे बघायला पाठीवरचा पर चिमटीत धरून ओढा. सहज निघाला तर मासा झाला. कण्याजवळचं मांस काचेसारखं न दिसता अपारदर्शक दिसलं पाहिजे आणि पाकळ्या सुटल्या पाहिजेत. अंगावर पांढरे दह्यासारखे थेंब यायला लागले म्हणजे आच जास्त झाली, लगेच उतरवा.

याच तव्यात मासा काढल्यावर तेल ओतून टाकून दोन चमचे लोणी घाला. ते तांबूस होऊन सुवास सुटला की मूठभर भरडलेले अक्रोड परता, लिंबू पिळा आणि माशावर ओता. फ्रान्समध्ये हेच बदाम घालून करतात. कुल्लूत घराघरात अक्रोडाचं झाड, म्हणून आमच्याकडे अक्रोड. सोबत लाल तांदळाचा भात.

मालवणी मसाला लावू का, हा प्रश्न येणारच. लावा, पण हात आखडता ठेवा. हळद, थोडं तिखट, चमचाभर कोकमाचं आगळ आणि ठेचलेलं लसूण, एवढंच, आणि दहा मिनिटांच्या वर नाही. सुरमई आगळात अर्धा तास राहिली तरी तिला काही होत नाही. ट्राउटचं मांस नाजूक असतं, आंबटात जास्त वेळ राहिलं की वरचा थर पिठूळ होतो. आंबटाचा एक मोठा फायदाही आहे. तलावाच्या माशाला कधीकधी मातीचा वास येतो. तो पाण्यातल्या सूक्ष्म जिवांनी तयार केलेल्या एका द्रव्यामुळे येतो आणि आंबटाने ते द्रव्य मोडतं. म्हणजे आपल्या आज्या माशाला आंबट लावायच्या त्यामागे नुसती चव नव्हती. मातकट वास असलेल्या माशाला आगळ किंवा लिंबू लावा, स्वच्छ वाहत्या पाण्यातल्या माशाला मीठ पुरे.

कालवणावर जरा जास्त बोलते, कारण मराठी घराला कालवणाशिवाय मासा खाल्ल्यासारखं वाटत नाही आणि ट्राउट बिघडतो तोही बहुतेक कालवणातच. बांगड्याचं कालवण आपण रटरट उकळतो, तुकडे त्यातच शिजतात. ट्राउट असा उकळला की पाकळी-पाकळी होऊन रश्श्यात विरतो, आणि वर तेलाचा जाड तवंग येतो. शिवाय नारळाचं भरपूर वाटण आणि माशाची चरबी मिळून जडपणा येतो. इकडे नारळ महाग आणि बऱ्याचदा खवट निघतो, तो वेगळाच वैताग. म्हणून मी वाटण पातळ करते: भाजलेला कांदा, लसूण, धणे, सुक्या काश्मिरी मिरच्या, नारळ फक्त दोन-तीन चमचे. हा रस्सा मासा न घालता पूर्ण शिजवून घ्यायचा, मीठ आणि कोकम घालून चव पक्की करायची. मग आच अगदी मंद करून अख्खा मासा, किंवा मोठा असेल तर दोन तुकडे, रश्श्यात अलगद सोडायचे, झाकण ठेवायचं आणि पाच-सहा मिनिटांत गॅस बंद. डाव घालायचा नाही. हलवायचंच असेल तर भांडं कानांना धरून गोल फिरवा. दहा मिनिटं झाकून ठेवा, उरलेलं काम वाफ करते.

यात तिरफळ घालता का? घालाच. तेलकट बांगड्याला आपण तिरफळ का घालतो, तर तो उग्र सुवास चरबीला बरोबर पेलतो. तोच न्याय इथे. तिरफळं गावाहून आणायची विसरलात तर डोंगरातल्या बाजारात टिमरू मागा. नेपाळी माणसं त्याला टिमूर म्हणतात. तिरफळ आणि टिमरू एकाच कुळातली चुलत भावंडं आहेत. टिमरूत लिंबाची झाक जास्त आणि जीभ जरा जास्तच मुंग्या-मुंग्या होते, म्हणून संख्या निम्मी करा. बिया काढून नुसती सालं ठेचून घालायची, तिरफळासारखीच. माझ्या सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा "याला समुद्राचा वासच नाही गो" म्हणून मासा बाजूला सारायच्या. टिमरू घातलेलं कालवण त्यांनी भाताबरोबर दोनदा मागून घेतलं. वासाबद्दलचं मत बदललं नाही ते नाहीच, हेही सांगते.

काश्मीरमध्ये माशाला गाड म्हणतात, आणि तिथे मासा आधी मोहरीच्या तेलात तळून मग बडीशेप, सुंठ, काश्मिरी मिरची यांच्या रश्श्यात घालतात, बरोबर कमळकाकडी, म्हणजे नदरू. तळलेल्या माशाला कातडीचा आधार मिळतो, तो फुटत नाही. ज्यांना मंद आचेचा खेळ जमत नाही त्यांनी हा मार्ग घ्यावा, अगदी बिनधोक आहे.

वाफवण्यासाठी आपलं मोदकपात्र उत्तम. केळीचं किंवा हळदीचं पान इकडे कुठून आणणार? बटर पेपर किंवा फॉइल घ्या. पारशांच्या पात्रानी मच्छीची पद्धत इथे चपखल बसते: कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं, जिरं, लिंबू यांची हिरवी चटणी, आणि खोबऱ्याच्या जागी अक्रोड. माशाच्या पोटात आणि अंगावर चटणी लावून पुडी बांधा, पाणी उकळल्यावर आत ठेवा, बारा मिनिटं. आजारातून उठलेल्या माणसाला, लहान मुलांना, कमी तेल खाणाऱ्यांना मी हाच देते.

दीड-दोन किलोचा मोठा मासा हाती आला, किंवा परदेशात राहणाऱ्या लेकीच्या दारात कुणी खराखुरा सी ट्राउट आणून ठेवला, तर फॉइलच्या सैल पुडीत लोणी, मीठ, लिंबाच्या चकत्या घालून १८० अंशांवर चाळीस मिनिटांच्या आसपास. ओव्हन नसेल तर उकडण्याची एक जुनी इंग्रजी रीत आहे, ती मला फार आवडते. मोठ्या पातेल्यात अख्खा मासा ठेवून तो बुडेल इतकं थंड पाणी घालायचं, त्यात मीठ, थोडा व्हिनेगर, कांदा, मिरे, तमालपत्र. मंद आचेवर उकळी आणायची, एक-दोन मिनिटं ठेवून गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवून कोमट होईपर्यंत तसाच राहू द्यायचा. इतका रसाळ मासा दुसऱ्या कुठल्याही रीतीने होत नाही. नॉर्वे-स्वीडनकडे असा उकडलेला मासा उकडलेले बटाटे, आंबट साय, काकडी आणि शेपूबरोबर खातात. हो, शेपू! आपण ज्या भाजीला नाक मुरडतो ती तिकडे माशाची सखी आहे. दह्यात किसलेली काकडी आणि चिरलेला शेपू घालून बघा. ही रीत लहान माशाला मात्र वापरू नका. पाव किलोचा मासा उकळी येईपर्यंतच शिजून जातो, त्याला गरम पाण्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं पुरतात.

मासा कच्चा खाण्याबद्दल. मीठ-साखर लावून फ्रिजमध्ये मुरवलेला, न शिजवलेला ट्राउट मोठ्या हॉटेलांत मिळतो आणि घरी करून बघायचा मोह होतो. नदीतून किंवा समुद्रातून पकडलेल्या माशाचा असा प्रकार घरी करू नका. गोड्या पाण्यातल्या माशांत पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात, समुद्रात जाऊन आलेल्या माशांत वेगळे जंत. लिंबू, आगळ, मीठ यांनी मांस पांढरं होतं, शिजल्यासारखं दिसतं, पण जंत मरत नाहीत. त्यासाठी उणे वीस अंशांवर सलग आठवडाभर मासा गोठवावा लागतो, आणि घरगुती फ्रीझर तेवढा थंड होतोच अशी खात्री नसते. घरात गरोदर बाई, म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर हा विचारसुद्धा नको.

उरलेल्या माशाचं काय? कालवणातला दुसऱ्या दिवशी मुरून चांगला लागतो, पण पुन्हा उकळू नका, नुसता गरम करा. तळलेला किंवा वाफवलेला उरला तर काटे काढून कुस्करा, त्यात दही, बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, मिरपूड. भाकरीबरोबर, किंवा इकडच्या सिड्डूबरोबर, सिड्डू म्हणजे आंबवलेल्या कणकेची वाफवलेली भाकरीच म्हणा, मुलांचा डबा होतो. डोकं आणि सांगाडा टाकू नका. पाणी, आलं, लसूण घालून वीस मिनिटं मंद उकळा, गाळा, त्यात कोकम आणि कोथिंबीर घाला. त्याहून जास्त वेळ उकळलंत तर कडवट होतं. थंडीत संध्याकाळी हे सार आम्ही पेल्यातून पितो.